विश्लेषण : स्कॉटिश ‘कुलचिन्ह’ नेमके कोणाचे? आडनावाच्या मगवरील सिंह तुमचा का नसतो?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या गोल्फ क्लबांवर ढाल, सिंह आणि ब्रीदवाक्य असलेले एक चिन्ह दिसते. अमेरिकेत ते एक आहे आणि स्कॉटलंडमध्ये दुसरे. एकाच उद्योगसमूहाला दोन चिन्हे का लागली, या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षे जुन्या एका स्कॉटिश कायद्यात आहे. त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘तुमच्या आडनावाचे स्कॉटिश कुलचिन्ह’ म्हणून इंटरनेटवर आणि एडिनबराच्या दुकानांत जे मग, की-चेन आणि चौकटी विकल्या जातात, त्यांवरचे चिन्ह बहुतेक वेळा विकत घेणाऱ्याचे नसते. मग ते कोणाचे असते? त्यावरील प्राणी आणि रंग काय सांगतात? आणि काय सांगत नाहीत?

ट्रम्प यांच्या दोन चिन्हांची गोष्ट काय?

ट्रम्प यांच्या मातोश्री मेरी अॅन मॅक्लाउड या मूळच्या स्कॉटलंडच्या लुइस बेटावरील टाँग गावच्या. १९३० मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. पुढे ट्रम्प यांनी स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनजवळ गोल्फ मैदान उभारायला घेतले, तेव्हा प्रकल्पाच्या प्रचारात अमेरिकेतले चिन्ह वापरले गेले. स्कॉटलंडमध्ये त्याची नोंद नव्हती. तिथल्या ‘लॉर्ड लायन’ या अधिकाऱ्याच्या कार्यालयाने त्यावर हरकत घेतली. अखेर २०१२ च्या जानेवारीत नव्या, रीतसर चिन्हाला मंजुरी मिळाली.

अमेरिकेतल्या चिन्हाचा इतिहास आणखी रंजक आहे. तीन सिंह, दोन पट्टे आणि वर बाण धरलेला हात असलेले ते चिन्ह मुळात जोसेफ डेव्हिस यांचे. सोव्हिएत रशियातील अमेरिकेचे राजदूत राहिलेल्या डेव्हिस यांना ते १९३९ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिले होते. फ्लोरिडातील मार-ए-लागो हा वाडा बांधणाऱ्या मार्जोरी मेरीवेदर पोस्ट यांचे ते पती होते. १९८५ मध्ये वाडा ट्रम्प यांनी विकत घेतला आणि कालांतराने चिन्हही वापरात आले. त्यात बदल झाला तो एका शब्दाचा. मूळ चिन्हावर ‘इंटेग्रिटास’, म्हणजे सचोटी, हा लॅटिन शब्द होता. त्या जागी ‘ट्रम्प’ आले.

अमेरिकेत अशा चिन्हांची राखण करणारा कायदा नाही. तिथे प्रश्न फार तर ट्रेडमार्कचा उरतो. स्कॉटलंडमध्ये मात्र चिन्हाच्या मालकाला ‘हे तुला कोणी दिले?’ असे विचारले जाते.

अशा चिन्हात काय काय असते?

मध्यभागी ढाल असते आणि खरे चिन्ह तेच. ढालीवर शिरस्त्राण, त्यावर तुऱ्यासारखी आकृती, म्हणजे ‘क्रेस्ट’ आणि सोबत ब्रीदवाक्य. सरदार घराण्यांचे प्रमुख किंवा मोठ्या संस्था असतील, तर ढालीला दोन्ही बाजूंनी धरून उभे असलेले प्राणी किंवा माणसेही असतात. बोलताना लोक सगळ्यालाच ‘फॅमिली क्रेस्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात क्रेस्ट हा त्यातला एक भाग.

याची उत्पत्ती उपयोगातून झाली. बाराव्या शतकात चिलखत आणि शिरस्त्राणाने झाकलेला योद्धा ओळखायचा कसा, हा प्रश्न होता. त्यामुळे रंगांचा नियमही व्यवहारी आहे. सोनेरी (पिवळा) आणि चंदेरी (पांढरा) हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. पिवळ्यावर लाल सिंह लांबून दिसतो, काळ्यावर निळा दिसत नाही. आजचे रस्त्यावरचे फलकही याच तत्त्वावर रंगवले जातात.

दुसरी गंमत अभियांत्रिकी शिकलेल्याला विशेष आवडावी अशी. अधिकृत नोंद चित्राची नसून मजकुराची असते. त्याला ‘ब्लेझन’ म्हणतात. ‘चंदेरी पार्श्वभूमी, त्यावर काळा शेवरॉन, भोवती तीन लाल रानडुकरांची मुंडकी’ असे ठरलेल्या भाषेत आणि ठरलेल्या क्रमाने लिहिले जाते. त्यावरून कोणत्याही काळातल्या चित्रकाराने चित्र काढावे. डुक्कर जाडा झाला की बारीक, याला महत्त्व नाही. ब्लेझन हा सोर्स कोड आणि चित्र हे त्याचे आउटपुट. म्हणूनच चारशे वर्षांपूर्वीचे चिन्ह आज पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते.

सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हे खरे का?

बाजारातल्या चौकटीखाली हमखास असा तक्ता असतो. लाल म्हणजे पराक्रम, निळा म्हणजे निष्ठा, हिरवा म्हणजे आशा, सिंह म्हणजे धैर्य. वाचायला छान वाटते. मात्र चिन्हशास्त्रात रंगांना असे कायमचे, सर्वमान्य अर्थ नाहीत. अर्थ लावायचा तर प्रत्येक चिन्हामागची स्वतंत्र गोष्ट शोधावी लागते आणि ती अनेकदा तक्त्यापेक्षा कितीतरी रोचक निघते.

डग्लस घराण्याच्या ढालीवर लाल हृदय आहे. ते प्रेमाचे प्रतीक नाही. राजा रॉबर्ट द ब्रूसच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय धर्मयुद्धात न्यावे, अशी त्याची इच्छा होती. ते घेऊन निघालेला सर जेम्स डग्लस १३३० मध्ये स्पेनमधील तेबा येथे मारला गेला. ढालीवरचे हृदय म्हणजे त्या एका प्रवासाची आठवण. 

फ्रेझर घराण्याच्या निळ्या ढालीवर पांढरी फुले आहेत, स्ट्रॉबेरीची. फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला ‘फ्रेझ’ म्हणतात. म्हणजे हा चक्क आडनावावर केलेला श्लेष! ब्रिटनच्या दिवंगत राजमाता एलिझाबेथ यांचे माहेरचे नाव बोज-लायन. त्यांच्या घराण्याच्या चिन्हात धनुष्ये आणि सिंह आहेत, कारण इंग्रजीत धनुष्याला ‘बो’ म्हणतात आणि सिंहाला ‘लायन’. इथल्या सिंहाचा शौर्याशी काहीही संबंध नसून तो निव्वळ नावाचा उच्चार आहे. 

लुइस बेटावरच्या मॅक्लाउडांचे चिन्ह जळता डोंगर आणि ब्रीद ‘मी उजळतो, जळत नाही’ अशा अर्थाचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट मॅकेन्झी घराण्याच्या ताब्यात गेले. आज जळता डोंगर आणि तेच ब्रीद मॅकेन्झींच्या चिन्हातही दिसते.

ट्रम्प यांच्या स्कॉटिश चिन्हाचा अर्थ त्यांच्या कंपनीनेच सांगितला होता. उभा सिंह स्कॉटलंडसाठी, तारे अमेरिकेसाठी, तीन पट्टे आकाश, वाळूच्या टेकड्या आणि समुद्रासाठी. दुतोंडी गरुड स्कॉटिश आणि जर्मन अशा दुहेरी वारशासाठी आणि त्याच्या पायांत गोल्फचे चेंडू! ब्रीदवाक्याचा अर्थ ‘कधीही हार मानू नका’. यावर हसू येणे साहजिक आहे. पण चिन्हशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. स्ट्रॉबेरीची फुले चालतात, तर गोल्फचे चेंडू का नकोत? चिन्ह नवे असणे हा दोष नाही. दुसऱ्याचे चिन्ह आपले म्हणून मिरवणे हा दोष आहे.

स्कॉटलंडचा कायदा काय सांगतो?

१५९२ मध्ये तिथल्या संसदेने चिन्हांच्या मनमानी वापराला चाप लावण्याचे अधिकार लॉर्ड लायनला दिले. १६७२ च्या कायद्याने सर्व चिन्हांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. ती आजही एडिनबरात चालू आहे. लॉर्ड लायनचे न्यायालय हे दिखाऊ पद नाही. ते खरोखरचे न्यायालय आहे आणि त्याला स्वतःचा सरकारी अभियोक्ता आहे. नोंद नसलेले चिन्ह वापरणे हा गुन्हा ठरतो आणि वस्तू जप्त होऊ शकते. याचा अनुभव एअर युनायटेड या फुटबॉल क्लबलाही आला. ढालीच्या आकारातले त्यांचे जुने बोधचिन्ह याच जुन्या कायद्यात अडकले आणि त्यांना नवे करून घ्यावे लागले.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. चिन्ह हे एका वेळी एकाच व्यक्तीचे (किंवा संस्थेचे) असते. मराठीत आपण सवयीने ‘कुलचिन्ह’ म्हणतो. स्कॉटिश कायद्यात मात्र ते कुळाचे नसतेच. ती वैयक्तिक मालमत्ता आहे. वडिलांनंतर ती वारसाला मिळते. वडील हयात असताना थोरल्या वारसालाही ढालीवर वेगळी खूण जोडावी लागते. धाकट्या भावंडांना तर स्वतंत्र नोंद करून, सहसा ढालीला वेगळी किनार घेऊन, आपले चिन्ह वेगळे करून घ्यावे लागते. आडनाव तेच आहे म्हणून कोणालाही काहीही आपोआप मिळत नाही. ट्रम्प यांचे स्कॉटिश चिन्हसुद्धा ट्रम्प कुटुंबाला दिलेले नाही. ते गोल्फ क्लब चालवणाऱ्या कंपनीला दिलेले आहे.

मुंबईतील दोन एल्फिन्स्टन काय शिकवतात?

हा भेद समजायला मुंबईचे उदाहरण सोपे आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक मात्र त्यांचे नव्हे. ते नाव १८५३ ते १८६० मधील गव्हर्नर जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, यांच्यावरून आलेले. हे माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे.

घराणे एकच, स्कॉटलंडचे. ढाल वर ब्लेझनच्या उदाहरणात दिली तीच, तीन लाल रानडुकरांच्या मुंडक्यांची. माउंटस्टुअर्ट कर्तृत्वाने मोठे, पेशवाईच्या अखेरीच्या इतिहासात त्यांचे नाव पानोपानी येते. पण ते अकराव्या लॉर्डचे चौथे पुत्र. जॉन हे घराण्याचे प्रमुख. त्यामुळे मूळ ढाल कोणताही फरक न करता वापरण्याचा हक्क पुतण्याचा, काकांचा नव्हे. ‘एल्फिन्स्टन कुलचिन्ह’ असे लिहिलेला मग जर आज कोणी विकत असेल, तर तो खुद्द माउंटस्टुअर्ट यांनाही जसाच्या तसा आपला म्हणता आला नसता!

मग कुळातल्या सामान्य माणसाने काय लावायचे?

यासाठी स्कॉटिश परंपरेत सोय आहे. कुळाच्या प्रमुखाची क्रेस्ट, तिच्याभोवती बक्कल असलेला गोल पट्टा आणि पट्ट्यावर प्रमुखाचे ब्रीदवाक्य, असा बिल्ला कुळातील कोणीही लावू शकतो. कॅम्पबेलांचा रानडुकराचे मुंडके असलेला आणि ‘विसरू नका’ असे सांगणारा बिल्ला, मॅक्लाउडांचा बैलाच्या मुंडक्याचा आणि ‘घट्ट धरून ठेव’ म्हणणारा बिल्ला, हे सर्वांत ओळखीचे. 

या पट्ट्याचा अर्थ बारकाईने समजून घ्यायला हवा. पट्टा आणि बक्कल सांगतात की, ‘हे चिन्ह माझे नाही. मी या प्रमुखाचा माणूस आहे.’ स्वतः प्रमुख बिल्ल्यामागे गरुडाची तीन पिसे लावतो, स्वतःचे नोंदणीकृत चिन्ह असलेला एक पीस लावतो. सामान्य सदस्याला पीस नाही. म्हणजे जे आपण अभिमानाने ‘माझे कुलचिन्ह’ म्हणून छातीवर लावतो, ते खरे तर निष्ठेचे प्रमाणपत्र आहे. आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

या बिल्ल्यात कोणता इतिहास दिसत नाही?

सदरलंड कुळाच्या बिल्ल्यावर रानमांजर आहे आणि ब्रीदाचा अर्थ ‘निर्भय’. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुळाची प्रमुख होती काउंटेस एलिझाबेथ. मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी तिच्या आणि तिच्या पतीच्या जमिनीवरून हजारो कुळांना हुसकावण्यात आले. इथे ‘कूळ’ शब्दाचे मराठीतले दोन्ही अर्थ एकत्र येतात. वंश म्हणूनही ते तिच्याच कुळाचे आणि जमीन कसणारे म्हणूनही तिचीच कुळे. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरे जाळण्यात आली. त्याबद्दल पॅट्रिक सेलर या व्यवस्थापकावर खटला चालला आणि १८१६ मध्ये तो निर्दोष सुटला. ‘हायलँड क्लिअरन्सेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून असंख्य कुटुंबे किनाऱ्यावर, शहरांत, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात फेकली गेली.

त्यांचेच वंशज आज रानमांजराचा बिल्ला विकत घेतात. ज्या प्रमुखाने खापरपणजोबांचे घर पाडले, त्याच प्रमुखाचा माणूस असल्याचे सांगणारा पट्टा ते कौतुकाने लावतात. कायद्याने प्रमुखाच्या मांजराला संरक्षण दिले होते. कुळाच्या छपराला मात्र दिले नव्हते.

लुइस बेटाची कथाही फार वेगळी नाही आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८४४ मध्ये हे बेट जेम्स मॅथिसन यांनी विकत घेतले. ‘जार्डिन मॅथिसन’ कंपनीतले हे मॅथिसन. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला अफू विकण्यातून आलेला होता. ही अफू भारतातून जाई. माळव्याची अफू मुंबई बंदरातून. या व्यापारातले कंपनीचे मुंबईतील मोठे भागीदार होते जमशेटजी जीजीभॉय. बटाट्याच्या दुष्काळात मॅथिसन यांनी लुइसच्या लोकांना धान्य पुरवले आणि १८५१ मध्ये त्यांना ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. त्यानंतर लगेचच्या वर्षांत बेटावरील शेकडो लोकांची कॅनडाला पाठवणी झाली.

जमशेटजींनाही १८५७ मध्ये बॅरोनेट किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या ढालीवर घाटावर उगवणारा सूर्य आणि दोन मधमाश्या आहेत, वर मोर आणि गव्हाची ओंबी. ब्रीद ‘उद्योग आणि औदार्य’. रुग्णालय, कलाशाळा, माहीमचा कॉजवे पाहता औदार्य खोटे नव्हते. उद्योगही खोटा नव्हता. पण उद्योग कशाचा होता, हे मधमाश्या सांगत नाहीत. कोणतेही चिन्ह मालकाला जे लक्षात राहावेसे वाटते तेवढेच सांगते. उरलेले नोंदवह्या, खटले आणि जहाजांच्या याद्यांतून शोधावे लागते.

मग मुळे शोधायची कुठे?

लॉर्ड लायनची व्यवस्था आजच्या काळात सरंजामी वाटते आणि ती तशी आहेच. चारचौघांच्या ढालींसाठी न्यायालय आणि अभियोक्ता ठेवणे ही चैन वाटू शकते. तरीही तिचा एक गुण मान्य करायला हवा. ही व्यवस्था दावा करणाऱ्याला ‘तू कोण, कोणाचा, पुरावा काय’ असे विचारते. आडनाव टाइप केले की वीस सेकंदांत ‘वारसा’ हातात ठेवणारी संकेतस्थळे हे विचारत नाहीत. त्यांच्या दृष्टीने सगळे कॅम्पबेल सरदार आणि सगळे सदरलंड निर्भय. या विक्रीत फसवणूक पैशांपुरती नसते. ज्यांचे पूर्वज खरोखर गरीब शेतकरी, मच्छीमार, विणकर होते, त्यांना दुसऱ्याचा पूर्वज दिला जातो आणि स्वतःचा पूर्वज कायमचा झाकला जातो. 

खरा पूर्वज सापडणे आज अशक्य राहिलेले नाही. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची नोंद आहे. त्याआधीची चर्चची दप्तरे आहेत, जनगणनेचे कागद आहेत. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर ते पाहता येतात. तिथे सिंह सापडणार नाही. तिथे एखाद्या मेंढपाळाचे नाव, त्याच्या बायकोचे माहेरचे आडनाव आणि सही येत नाही म्हणून मारलेली फुली सापडेल.

ती फुली ही त्या माणसाने स्वतःच्या हाताने काढलेली खूण आहे. बहुतेक स्कॉटिश घरांचा खरा वारसा त्या खुणेइतका साधा आणि तिच्याइतकाच खरा आहे. ज्याला ढाल हवीच असेल, त्याने रीतसर अर्ज करून स्वतःच्या नावावर नवी घ्यावी. त्यावर गोल्फचे चेंडू काढावेत, नांगर काढावा किंवा मासेमारीचे जाळे. ती निदान उसनी तरी नसेल.